लेबनॉनची बेगमी

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या आनंदमेळ्यात थालीपीठ, साबुदाणा वडे आणि खरवस यांच्या ओळीत एक नवा ठेला लागला होता. महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्याच मुलांनी तो मांडला होता आणि पाटीवर 'लेबनीज थाळी' असे लिहिले होते. थाळीत हम्मस, फलाफल, वांग्याचे भरीत आणि लांबून कोथिंबिरीसारखी दिसणारी एक कोशिंबीर. मंडळातील पदार्थांची परीक्षा कित्येक वर्षे ज्यांच्या जिभेवर सोपवली जाते, त्या काकू तेथे थांबल्या. चातुर्मास असल्याने लसूण आणि वांगे त्यांना चालणार नव्हते, म्हणजे जवळजवळ सगळी थाळीच बाद. पण जाता जाता त्यांनी विचारले, "हे लोक रोज घरी हेच जेवतात का रे?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. उत्तर आमच्याकडेही नव्हते.

प्रश्न मात्र आमच्या ओळखीचा होता. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा सर्वांना असे शेजारी भेटतात, ज्यांच्या लेखी मराठी जेवण म्हणजे वडापाव आणि पुरणपोळी. आपल्या रोजच्या ताटातले पिठले, आमटी, भाकरी आणि मेतकूट-भात यांची त्यांना दाद नसते. लेबनॉनच्या लोकांचेही असेच काही होत नसेल ना, या कुतूहलापोटी आम्ही वर्षभर मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

प्रथम देशाचा आवाका. लेबनॉनचे क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सातारा जिल्ह्याएवढे. पश्चिमेला भूमध्य समुद्र, किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, लगेच तीन हजार मीटरपर्यंत चढत जाणारा लेबनॉन पर्वत, त्यापलीकडे बेका नावाचे सपाट, सुपीक खोरे आणि शेवटी सीरियाच्या हद्दीवरची दुसरी डोंगररांग. पर्वतावर हिवाळाभर बर्फ असते. देशाचे नावही त्या बर्फावरून पडले. सेमिटिक भाषांत 'ल-ब-न' या धातूचा अर्थ पांढरा. याच धातूपासून 'लबन' हा शब्द आला आणि लेबनॉनमध्ये लबन म्हणजे दही. ते फडक्यात बांधून टांगले की होते 'लबने', म्हणजेच आपला चक्का. आपण त्यात साखर घालतो, ते मीठ घालून वर ऑलिव्हचे तेल ओततात.

हा पर्वत कसायला कठीण. शेतकऱ्यांनी उतारावर दगडी बांध घालून पायऱ्या-पायऱ्यांची शेते काढली. त्यांत द्राक्षे, अंजीर, ऑलिव्ह चांगले पिकत, पण गहू थोडा. हिवाळ्यात वाटा बर्फाने बंद होत. त्यामुळे उन्हाळा सरायच्या आत चार-पाच महिन्यांचे अन्न घरात भरून ठेवणे हे तिथल्या गृहिणीचे वर्षातले सर्वांत मोठे काम असे. या साठवणीला 'मूने' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, बेगमी. कोकणातली आगोटीची तयारी किंवा गोव्यातले पुरुमेंत ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे काही सांगायला नको. आपण पावसाच्या तोंडावर भरतो, ते बर्फाच्या तोंडावर. आमच्या मते लेबनॉनच्या स्वयंपाकाची खरी कथा या कोठीत आहे. हॉटेलातल्या थाळीतून ती कळत नाही.

कोठीतला मुख्य मानकरी म्हणजे 'बुरगुल'. आपल्याकडे त्याला सर्रास दलिया म्हणतात, पण ते बरोबर नाही. दलिया हा कच्चा गहू भरडून करतात. बुरगुलासाठी गहू आधी मोठ्या कढयांत उकडतात, मग घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर पसरून कडकडीत वाळवतात आणि नंतर भरडतात. तांदळात जसा उकडा तांदूळ, तसा गव्हात हा बुरगुल. टिकतो वर्षभर, किडत नाही आणि शिजायला सरपण कमी लागते. बारीक भरड तर नुसती भिजवली तरी चालते. त्या दिवशी कढईतला ऊन-ऊन गहू वाटीत घेऊन त्यावर साखर भुरभुरून पोराबाळांना देत. धाब्यांवर एक दगडी रूळ कायम पडलेला असे. पावसाने मऊ झालेली माती तो फिरवून दाबायची. वाळवण राखायला कोणाला बसवत, हे वाचायला मिळाले नाही, पण आमच्या गच्चीवर कुरडयांशेजारी काठी घेऊन बसलेल्या आमच्या लहानपणावरून अंदाज बांधता येतो.

बुरगुल दह्यात कालवून काही दिवस आंबवायचा, रोज मळायचा, मग उन्हात सुकवून हातांनी चोळून त्याचे पीठ करायचे, याला 'किश्क' म्हणतात. हिवाळ्याच्या सकाळी हे पीठ पाण्यात शिजवले की आंबूस, दाट पेज तयार. दूध, धान्य आणि आंबवण हे सर्व एका मुठीत आणि तेही बर्फात गाव अडकलेले असताना. त्यात घालायला 'कवर्मा' असे. घरोघर एक मेंढा पाळून त्याला उन्हाळाभर हाताने घास भरवून पुष्ट करत आणि शरद ऋतूत कापून त्याचे मांस त्याच्याच शेपटीच्या चरबीत शिजवून मडक्यांत भरत. मांस न खाणाऱ्या वाचकांनी हे वाक्य ओलांडून पुढे यावे. तेलात मुरवलेल्या भरल्या वांग्यांचा 'मकदूस', सुके अंजीर, द्राक्षपाने, डाळिंबाच्या रसाचा आटवलेला पाक, संत्र्याच्या जातीच्या कडू फळाच्या फुलांचे अर्कजल आणि रानातला 'झातर' त्यांचीच वाट पाहत आहेत. झातर ही ओव्याच्या वासाच्या अंगाने जाणारी एक वनस्पती. ती वाळवून त्यात तीळ, मीठ आणि सुमाक नावाची आंबट लाल फळे कुटून घातली की कोरडी चटणी होते. परीक्षेच्या दिवशी मुलाला झातर खायला घातला की डोके तल्लख चालते, असा तिथल्या आयांचा विश्वास. आपल्याकडे दही-साखर हातावर ठेवतात.

हा झातर तेलात कालवून कणकेच्या जाड पोळीवर पसरतात आणि भट्टीत भाजतात, ती 'मनऊशे'. तेल वाहून जाऊ नये म्हणून पोळीवर बोटांनी खळगे पाडतात. नाव त्यावरूनच पडले. मूळ अरबी शब्द 'नक्श', म्हणजे कोरणे. आपली नक्षी आणि नकाशा याच घरातले. २०२३ साली युनेस्कोने मनऊशेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

शब्दांचा विषय निघाला आहे तर आणखी दोन सांगून घेतो. हॉटेलात लहान लहान वाट्यांतून येणाऱ्या चमचमीत पदार्थांना 'मेझे' म्हणतात. हा शब्द फारसी 'मझा'वरून आला, त्याचा अर्थ चव. त्याच शब्दाची आपण 'मजा' केली. आणि तिथला 'संबूसक' हा आपल्या समोशाचा सख्खा भाऊ, दोघांचे मूळ इराणी. उलट दिशेने पाहिले तर भरल्या भाज्या, बकलावा आणि शोरमा यांवर तुर्की छाप आहे, कारण १५१६ पासून १९१८ पर्यंत, चारशे वर्षे, हा मुलूख उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात होता. शोरमा हा शब्दच मुळी तुर्की 'चेविर्मे', म्हणजे फिरवणे, यावरून आला.

एका प्रवाशाची साक्ष येथे नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्यापर्यंत पोहोचते. मोरोक्कोचा इब्न बतूता १३२६ साली या भागात होता. बेका खोऱ्यातल्या बालबेक गावाबद्दल तो लिहितो की येथे द्राक्षांचा पाक करतात, तो घट्ट करून मडके फोडले तरी अखंड राहतो, त्यात पिस्ते-बदाम घालून मिठाई बनवतात आणि दूधदुभते इतके की ते दमास्कसला जाते. पुढे हाच इब्न बतूता दिल्लीच्या सुलतानाच्या पदरी राहिला, तिथल्या पंगतीत त्याने संबूसक खाल्ला, आणि दौलताबादेहून नंदुरबारमार्गे खंबायतला गेला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्याने लिहून ठेवले आहे की यांचे अन्न भात, भाज्या आणि तिळाचे तेल. लेबनॉनच्या हम्मसमधली ताहिनी म्हणजेही तीळच, बारीक वाटलेले. सातशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या जिभेने दोन्हीकडची चव पाहिली होती, याचे आम्हाला फार अप्रूप वाटले.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येतो.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या लियों शहराच्या मागांना रेशीम हवे होते. लेबनॉन पर्वतावरच्या शेतकऱ्यांनी पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांतून धान्य काढून तुतीची झाडे लावली. घरोघरी रेशीमकिडे आले, रोकड पैसा आला, तांबड्या कौलांची घरे झाली. मेंढ्यालाही तुतीची पाने मिळू लागली. पण गहू आता बेका खोऱ्यातून आणि त्यापलीकडच्या हौरान प्रदेशातून विकत आणावा लागे. १८६१ साली डोंगराला स्वतंत्र कारभार मिळाला तेव्हा आखलेल्या हद्दीत ना बेका खोरे होते, ना बैरूतचे बंदर. म्हणजे धान्य एका बाजूला, बंदर दुसऱ्या बाजूला आणि मधे रेशमावर जगणारा डोंगर. बेगमी करणाऱ्या गृहिणीला हे गणित कदाचित आधी कळले असते. राज्यकारभार करणाऱ्यांना कळले नाही.

१९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान महायुद्धात उतरला. इंग्लंड-फ्रान्सच्या आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली. रेशीम बाहेर जाईना, अमेरिकेत गेलेल्या मुलांनी पाठवलेले पैसे आत येईनात. जमाल पाशा हा तुर्की सेनापती या प्रांताचा सर्वाधिकारी होता. त्याच्या फौजेने धान्य, जनावरे आणि आगगाड्यांच्या सरपणासाठी झाडेसुद्धा ताब्यात घेतली आणि डोंगराकडे जाणाऱ्या गव्हावर निर्बंध घातले. १९१५ च्या वसंतात टोळधाड आली आणि उरलेले हिरवे खाऊन गेली. जे थोडे धान्य शिल्लक होते ते व्यापाऱ्यांनी दडवून भाव चढवला. ते व्यापारी परके नव्हते. तिथे आजही या गोष्टीची वाच्यता करताना लोक अडखळतात, याचे एक कारण हे असावे.

पुढची तीन वर्षे जे घडले त्याचे आकडे इतिहासकार वेगवेगळे देतात, परंतु सुमारे दोन लाख माणसे, म्हणजे डोंगरातील लोकसंख्येचा निदान तिसरा हिस्सा, भुकेने आणि पाठोपाठ आलेल्या रोगांनी गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. कोठी किती पुरणार? पहिल्या हिवाळ्यात बुरगुल संपला, नंतर मेंढा, मग घराची कौले विकली गेली. लष्कराच्या घोड्यांच्या लिदीतून न पचलेले जवाचे दाणे वेचून, धुऊन खाणाऱ्या बायका-मुलांच्या आठवणी पुढच्या पिढ्यांनी सांगितल्या आहेत. खलील जिब्रान याच डोंगरातल्या बशर्री गावचा. तो त्या वेळी न्यूयॉर्कला होता, गावाकडच्या लोकांसाठी निधी जमवणाऱ्या समितीचा चिटणीस म्हणून काम करत होता. मराठी वाचकाला त्याची ओळख आहे ती तत्त्वचिंतक कवी म्हणून. धान्याची जहाजे मिळवण्यासाठी खटपट करणारा जिब्रान आम्हाला या वाचनात प्रथमच भेटला. १९३९ साली तौफीक यूसुफ अव्वाद यांनी या काळावर कादंबरी लिहिली, तिचे नाव 'अर-रगीफ', म्हणजे भाकरी.

युद्धानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेत मॅरोनाइट ख्रिस्ती धर्मगुरू इलियास हुवैक यांनी लेबनॉनची बाजू मांडली. त्यांच्या मागणीत बेका खोरे होते, किनाऱ्याची शहरे होती. डोंगर आपल्या पिकावर जगू शकत नाही हे नुकतेच सर्वांनी पाहिले होते. १ सप्टेंबर १९२० रोजी फ्रेंच सेनापती गुरो याने 'विशाल लेबनॉन'ची घोषणा केली आणि गव्हाचे खोरे नव्या देशात आले. सीमा आखताना भाषा, धर्म, इतिहास यांचा काथ्याकूट होतो, तो येथेही झालाच. पण या सीमेच्या मुळाशी भुकेची आठवण होती. सीमेची रेघ घराघरातून कशी जाते हे आमच्या बेळगावच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. रेघेच्या अलीकडे आलेल्या पदार्थांना त्या दिवसापासून 'लेबनीज' म्हटले जाऊ लागले. त्याच मुजद्दऱ्याला दमास्कसच्या घरात सीरियन म्हणायचे आणि हैफात पॅलेस्टिनी. 'लेबनीज स्वयंपाक' हे नाव अशा रीतीने शंभर वर्षांचे आहे, स्वयंपाक मात्र हजाराचा. बैरूतमध्ये १८८५ साली खलील सरकीस यांनी पाककृतींचे अरबी पुस्तक छापले, तेव्हा या नावाचा देश नव्हता. आपले 'सूपशास्त्र' १८७५ चे, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे. तेव्हा महाराष्ट्र राज्यही कुठे होते?

मुजद्दरा हे नाव वर आले आहे, त्याविषयी थोडे. मसूर आणि तांदूळ किंवा बुरगुल एकत्र शिजवून वर कुरकुरीत तळलेला कांदा, असा हा गरिबाघरचा पदार्थ. नावाचा अर्थ 'देवीचे वण उठलेला'. पांढऱ्या भातावर काळपट मसूर तसे दिसतात. १२२६ साली बगदादमध्ये लिहिलेल्या अल-बगदादीच्या पाकग्रंथात मुजद्दरा आहे, मात्र त्यात मांस घातले आहे. श्रीमंताच्या ग्रंथातले मांस गरिबाने वगळले की गरिबाने वाढलेल्या पदार्थात श्रीमंताने मांस घातले, हे ठरवणे कठीण. आमचा कौल गरिबाच्या बाजूने.

लेबनॉनमध्ये राज्याने मान्य केलेले १८ धर्मपंथ आहेत. त्यांच्यात १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षे यादवी चालली. तरी भांडी बघितली तर ती फारशी वेगळी नाहीत. ख्रिस्ती घरांत ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या डाळी आणि भाज्यांची एक मोठी शाखाच तयार झाली. किब्बे हा तिथला राष्ट्रीय पदार्थ म्हणता येईल असा, दगडी उखळात लाकडी मुसळाने मांस आणि बुरगुल एकजीव होईपर्यंत कुटून करायचा. रविवारी सकाळी डोंगरातल्या गावांत या मुसळांचा आवाज घुमत असे. उपासाच्या दिवसांत हाच किब्बे भोपळ्याचा किंवा बटाट्याचा करतात. त्याला नाव आहे 'फसवा किब्बे'. फणसाच्या भाजीत मटणाचा मसाला घालणारे आपण त्यांना हसू शकत नाही.

मुहर्रमच्या आशूराला शिया गावांतून 'हरीसे' शिजतो, गहू आणि मांस रात्रभर घोटून. हेच हरीसे कित्येक ख्रिस्ती गावे १५ ऑगस्टच्या मेरीमातेच्या सणाला करतात. हैदराबादच्या वाचकांना बारकस वस्तीतला हरीस माहीत असेल. तो येमेनी अरबांबरोबर आला, आणि हलीम त्याचाच वंशज. बाळाला पहिला दात आला की उकडलेला गहू साखर-बदाम घालून वाटतात. बाळंतिणीच्या घरी येणाऱ्यांना तांदळाच्या पिठाची, शहाजिरे-दालचिनीची तपकिरी खीर देतात, जशी आपल्याकडे डिंक-अळिवाची तजवीज असते. आणि ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, ख्रिस्ती घरांत गव्हाचीच गोड खीर. जन्म, दात, शोक, सण, सगळीकडे तो उकडलेला गहू. १९१५ नंतर त्या गव्हाकडे बघण्याची नजर वेगळी झाली असेल, असे आमच्या मनात येत राहिले.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच डोंगरातले सुमारे एक तृतीयांश लोक जहाजाने ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि अमेरिकेला गेले होते. रेशमाचे भाव पडले की गावे रिकामी होत. दगडी उखळ कोणी बरोबर नेत नाही. तिथे किब्बे खिमा यंत्रातून निघू लागला. ब्राझीलमध्ये त्याचे 'किबे' झाले आणि आता ते कोपऱ्यावरच्या कोणत्याही उपाहारगृहात मिळते, खाणाऱ्याला अरबस्तानचा गंधही नसतो. मेक्सिकोत उभ्या सळईवरच्या शोरम्याने कोकराऐवजी डुक्कर घेतले, पोळीऐवजी मक्याची टॉर्टिया घेतली आणि 'टाको अल पास्तोर' हा मेक्सिकोचाच पदार्थ होऊन बसला. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या काठच्या छोट्या गावांतही किब्बे आहे. तिसऱ्या पिढीत अरबी भाषा बहुतेक घरांतून गेली, आजीच्या पदार्थांची नावे राहिली. आमच्या घरातली मुले आपसात कोणत्या भाषेत बोलतात ते वाचक जाणतात. परंतु "आजी, थालीपीठ" हे शब्द ती मराठीतच उच्चारतात.

मग जगभरच्या हॉटेलांत दिसणारे ते लेबनीज ताट आले कुठून? बेका खोऱ्याच्या तोंडाशी झहले नावाचे गाव आहे, त्यातून बर्दौनी नावाची छोटी नदी वाहते. नदीकाठच्या बागांतल्या उपाहारगृहांनी मेझेला नाव मिळवून दिले. बडीशेपेच्या वासाची अरक नावाची दारू आणि समोर दहा-वीस वाट्या. पुढे बैरूतच्या हॉटेलवाल्यांनी ती रीत उचलली. यादवीत हे आचारी लंडन, पॅरिस आणि आखाती शहरांत पांगले, आणि दुबई-कुवेतमध्ये नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी तिथेच प्रथम हम्मस चाखले. पाहुण्यासमोर मांडायची पंगत होती ती. घरच्या रोजच्या जेवणात किश्क आणि मुजद्दरा होते. आनंदमेळ्यातल्या काकूंना द्यायचे उत्तर एवढेच होते. थाळीतली ती कोथिंबिरीसारखी कोशिंबीर म्हणजे तब्बूले, आणि ती कोथिंबीर नव्हे तर पार्सली. त्यात बुरगुल चिमूटभरच असतो. 'फत्तूश' ही दुसरी कोशिंबीर शिळ्या पोळीचे तुकडे तळून केलेली. फोडणीची पोळी हॉटेलात पंचतारांकित भावाने मिळाली तर आपल्याला कसे वाटेल, तसे फत्तूशचा दर वाचून आम्हाला वाटले.

हम्मसवरून तर लढाई झाली. २००८ साली लेबनॉनच्या कारखानदारांच्या संघटनेने जाहीर केले की इस्रायली कंपन्या आमचे हम्मस आपले म्हणून विकतात, आम्ही दावा लावू. दावा राहिला बाजूला, पातेली मोठी होत गेली. २००९ मध्ये बैरूतमध्ये सुमारे दोन टनांचे हम्मस कालवून विक्रम नोंदवला. जानेवारी २०१० मध्ये इस्रायलमधल्या अबू घोष या अरब गावाने चार टनांचे केले. मे २०१० मध्ये लेबनॉनच्या तीनशे आचाऱ्यांनी १०,४५२ किलो हम्मस केले, देशाच्या क्षेत्रफळातल्या प्रत्येक चौरस किलोमीटरमागे एक किलो. आकडा वाचकांच्या ध्यानात आला असेल. खरे तर हरभरा आणि तीळ ही कोणा एका देशाची मालमत्ता नाही आणि तेराव्या शतकातल्या इजिप्तच्या पाकग्रंथांत कुस्करलेल्या हरभऱ्याचे प्रकार आहेत. पण आपल्या ताटावर दुसऱ्याने नाव घातले की लागते, हेही खरे.

दुष्काळाचे मात्र असे विक्रम झाले नाहीत. त्याचे स्मारक बैरूतमध्ये उभे राहिले २०१८ साली, शंभर वर्षांनी. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२० रोजी, बैरूत बंदरातल्या गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे गेली. गोदामाला लागूनच देशाची सर्वांत मोठी धान्यकोठारे होती, सुमारे १,२०,००० टन मावतील अशी. त्या जाड भिंतींनी स्फोटाचा बराच जोर अंगावर घेतला म्हणून शहराचा पश्चिम भाग वाचला. आत उरलेला गहू सांडला, कुजला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात आंबलेल्या धान्याने पेट घेऊन कोठारांचा उत्तरेकडचा भाग कोसळला. त्याच वर्षी युक्रेनचे युद्ध सुरू झाले होते आणि लेबनॉनचा बहुतेक गहू युक्रेनहून येत होता. बैरूतमध्ये पुन्हा पावाच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. त्याआधीच चलन कोसळले होते, सरकारी वीज दिवसातून तास-दोन तास येई. शीतकपाटे बंद पडलेल्या त्या शहरात किश्क, मकदूस आणि तेलातल्या लबन्याच्या गोळ्यांना विजेची गरज नव्हती. २००४ पासून बैरूतमध्ये 'सूक अल-तय्यिब' नावाचा शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तिथे डोंगरातल्या बायका आपली बेगमी विकायला आणतात.

हा मजकूर लिहून होत असताना आम्ही घरी संत बार्बराची खीर करून पाहिली. रात्रभर भिजवलेला गहू कुकरमध्ये मऊ केला, त्यात साखर, थोडी बडीशेप, मनुका, बदाम-अक्रोड आणि शेवटी वरून डाळिंबाचे दाणे. लसूण नाही, कांदा नाही, वांगे नाही, मसूर नाही, चातुर्मासात चालण्यासारखी. वाटी काकूंकडे पाठवली आणि मुलांनी लेबनॉनची सगळी हकीकतही सांगितली, दुष्काळासकट. काकूंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग खीर खाल्ली, वाटी विसळून परत दिली. यंदाच्या आनंदमेळ्यात ठेवायला हरकत नाही, म्हणाल्या, आमच्या बेळगावच्या माहेरी हिलाच हुग्गी म्हणायचे. फक्त गूळ घाला आणि वेलची विसरू नका.